आधी हाउंड, मग आपण

गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की दरवर्षी कुणाला तरी माझं काम नव्याने समजावून सांगावं लागतं. व्हर्जिनियात एका तबेल्याची व्यवस्था पाहते, इथवर काही अडत नाही. पोनी क्लबच्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवते म्हटलं तर "आमच्या आर्यालाही आणू का?" अशी विचारणाही होते. पण सप्टेंबर ते मार्च याच मुलांना मी फॉक्सहंटिंगला घेऊन जाते, हे कळलं की समोरच्या बाईंचा मोदक हातातच राहतो. "अगंबाई! म्हणजे तुम्ही लहान मुलांना शिकार शिकवता?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि प्रसादाच्या रांगेत उभ्या उभ्या सविस्तर सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी प्रकार काय तो सांगते. घोड्यावरच्या कुणाच्याही हातात बंदूक नसते. सगळ्यांत पुढे असतात वासावर माग काढणारे हाउंड, वीस-पंचवीस, कधी तीसही. त्यांना नेणारा हंट्समन, त्याला दोन्ही अंगांनी साथ देणारे व्हिपर-इन, आणि या सगळ्यांच्या बऱ्याच मागे, फील्डमास्टरच्या पाठोपाठ, आम्ही बाकीचे स्वार. हाउंडांना कोल्ह्याचा वास लागला की ते ओरडत त्याच्या मागे सुटतात आणि आम्ही त्यांच्या मागे. कोल्हा बिळात शिरला की आमच्याकडे खेळ तिथेच संपतो. बीळ उकरायचं नाही. हंट्समन खाली उतरतो, हाउंडांच्या पाठीवर थाप मारतो, शिंग फुंकतो आणि त्यांना दुसऱ्या रानाकडे घेऊन जातो. अमेरिकेतल्या हंटांची शिखर संस्था, मास्टर्स ऑफ फॉक्सहाउंड्स असोसिएशन, १९०७ सालची आहे, आणि इथल्या हंटांचा भर मारण्यावर नसून पाठलागावर असतो. तरीही 'कोल्हा कधीच मरत नाही' असं मी कुणालाही सांगत नाही. क्वचित मरतो. जे खरं आहे ते मुलांना आणि त्यांच्या आईबापांना पहिल्याच बैठकीत सांगून मोकळं व्हावं, हे माझं धोरण.

आमचा मुलूख म्हणजे मिडलबर्ग आणि अप्परव्हिलच्या आसपासचा, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याचा. दगडी गडगे, कुरणं, मधूनच ओढे, ओक-हिकरीची रानं. इथला पीडमाँट हंट १८४० चा, देशातला सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा. १९०५ च्या नोव्हेंबरात याच रानात मॅसॅच्युसेट्सच्या दोन धनिकांची पैज लागली होती. हॅरी वुस्टर स्मिथ म्हणत होते अमेरिकन हाउंड सरस, हेन्री हिगिन्सन म्हणत होते इंग्लिश. प्रत्येकी हजार डॉलर लावून दोन आठवडे आलटून पालटून दोघांचे हाउंड धावले आणि पंचांनी अमेरिकन हाउंडांच्या बाजूने कौल दिला. सगळ्या सामन्यात एकाही बाजूने कोल्हा मारलेला नव्हता. मुलांना ही गोष्ट सांगितली की हमखास प्रश्न येतो, "मग जिंकले कसे?" तिथूनच माझा पहिला तास सुरू होतो. माग कुणी आधी काढला, वास तुटल्यावर परत कुणी जोडला, खोटं कोण ओरडलं, खरं कोण, हे बघायला शिकायचं. कोल्हा हाती लागला की नाही हा त्यातला सगळ्यांत बिनमहत्त्वाचा भाग.

पोनी क्लब इंग्लंडमध्ये १९२९ साली निघाला तो मुख्यतः मुलांनी नीट घोडा चालवावा आणि हाउंडांमागे जायला तयार व्हावं म्हणून. तिथल्या कितीतरी शाखांची नावं आजही त्या त्या हंटच्याच नावाने आहेत. अमेरिकेतला क्लब १९५४ चा. इथे डी-१ पासून ए पर्यंत पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला घोड्यावर बसण्याइतकंच महत्त्व घोड्याच्या देखभालीला असतं. खूर कसे साफ करायचे, पोटशूळ कसा ओळखायचा, खोगीर कुठे घासतंय, हे न येता पुढची पायरी मिळत नाही. मला हा क्लब आवडतो तो त्यामुळेच. पण हल्लीची बहुतेक मुलं रिंगणातल्या उड्या मारून रिबिनी जमा करण्यात रमतात. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला ते त्यांनी पाहिलेलंही नसतं. रिंगणात घोडा आणि स्वार यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. रानात त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. हा बदल पोरांना फार जड जातो, आणि माझ्या मते त्यांना इथे आणण्याचं खरं कारण तेच आहे.

मी स्वतः पुण्यात एनसीसीच्या घोडदळ तुकडीत घोड्यावर बसायला शिकले. तिथे हुकूम सुटला की पाळायचा, का असं विचारायचं नाही. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, घरीही साधारण तीच पद्धत. इथे लीद उचलण्यापासून सुरुवात केली तेव्हा हंटचे नियम मला अनोळखी वाटले नाहीत. उलट ओळखीचेच वाटले: बरेच आणि विनाकारण. त्यांची कारणं मला मुलांनी शोधायला लावली. अमेरिकन पोरं का विचारल्याशिवाय रिकिबीत पायसुद्धा घालत नाहीत.

जून-जुलैत आम्ही कुत्र्यांच्या... माफ करा, हाउंडांच्या आवारात जातो. त्यांना कुत्रे म्हटलं की हंट्समनच्या कपाळावर आठी चढते. शेपटीला स्टर्न म्हणायचं, ओरडण्याला बोलणं म्हणायचं, आणि मोजायचं जोड्यांमध्ये. पंचवीस हाउंड म्हणजे साडेबारा जोड्या. मुलांना हा हिशेब भलताच आवडतो. जेवणाची वेळ बघण्यासारखी असते. दार अर्धवट उघडून हंट्समन उंबऱ्यात उभा राहतो आणि एकेकाला नावाने हाक मारतो. आत दाटीवाटीने उभे असलेले सगळे कान टवकारून असतात, पण ज्याचं नाव घेतलं तोच पुढे येतो. एका वेताच्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची रीत आहे, त्यामुळे पेटल, पेपर, पिल्ग्रिम, पॅट्रिअट अशा एकमेकांशी सहज घोटाळा होणाऱ्या हाका. तरी घोटाळा होत नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीने हे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या वर्गात टीचरला अजून सगळ्यांची नावं येत नाहीत."

मग फिरायला नेणं. उन्हं चढायच्या आत, पायी. नव्या पिल्लांच्या गळ्यातला पट्टा एका जुन्या, अनुभवी हाउंडाच्या पट्ट्याला साखळीने जोडलेला असतो. पिल्लू हरणाचा वास घ्यायला डावीकडे ओढतं, जुनी पेटल मात्र नाकासमोर चालत राहते आणि पिल्लू आपसूक तिच्याबरोबर फरपटतं. हरणामागे जायचं नाही हा पहिला धडा त्याला माणसाने द्यावाच लागत नाही. चालता चालता मुलं हाउंडांना कुरवाळायला बघतात. उन्हाळ्यात चालतं ते. पेटल तर आपणहून येऊन मांडीला सगळं अंग टेकवून उभी राहते, तिच्या वजनाने लहान मुलं डगमगतात. मात्र हंगाम सुरू झाला की हात लावायचा नाही. ती कामावर असते.

ऑगस्टमध्ये रीतिरिवाजांचे तास होतात, तबेल्यातल्या सामानाच्या खोलीत, गवताच्या गाठोड्यांवर बसून. फळ्यावर मी तीन रकाने आखते. ज्या रीतीला पटण्यासारखं कारण आहे ती पहिल्या रकान्यात. जी नुसती शोभेची आहे ती दुसऱ्यात. जी गेली ते बरंच झालं ती तिसऱ्यात. कुठली कुठे घालायची हे मुलं ठरवतात. मी फक्त भांडणं सोडवते.

पहिला रकाना भराभर भरतो. हाउंड जवळून जात असतील तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, कारण घोडा लाथ मागच्या पायाने मारतो आणि एका लाथेत हाउंडाची बरगडी मोडते. लाथाड्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत, नवशिक्या घोड्याच्या हिरवी. बीळ दिसलं की हाताने दाखवून मागच्याला ओरडून सांगायचं. आमच्याकडे ग्राउंडहॉग कुरणांची चाळण करून ठेवतात आणि धावत्या घोड्याचा पाय त्यात गेला तर घोडा उठेलच याची खात्री नसते. फाटक लावणाऱ्यासाठी सगळ्यांनी थांबायचं, तो पुन्हा घोड्यावर बसेपर्यंत हलायचं नाही. कारण बाकीचे घोडे निघाले की त्याचा घोडा त्याला वर बसूच देत नाही. गळ्याला गुंडाळायचा पांढरा स्टॉक हे मुलांना आधी निव्वळ नखरा वाटतो. मग मी एकीला उभी करून तिचा स्टॉक सोडते आणि दुसरीचा हात त्यात झोळीसारखा बांधून दाखवते. पट्टी म्हणूनही तो चालतो, माणसाला आणि घोड्यालाही. त्याची पिन आडवीच लावायची, उभी लावली तर पडताना टोक गळ्यात घुसेल. हे कळल्यावर कुठलंच पोर पिन उभी लावत नाही, सांगावंही लागत नाही.

फील्डमास्टरला ओलांडून पुढे जायचं नाही या नियमावर मात्र दरवर्षी वाद होतो. ज्याचा घोडा वेगवान त्याने मागे का राहायचं? मला अशा वेळी आपली दिंडी आठवते. आपली जागा सोडून पुढे धावत जाणारा वारकरी कुणी पाहिला आहे का? पण ते इथे सांगून उपयोग नसतो. म्हणून मी जमिनीवर खडूने हाउंड काढते, वाऱ्याची दिशा काढते, आणि एका मुलाला फील्डमास्टरच्या पुढे उभं करते. तो नेमका कोल्ह्याच्या मागावर उभा असतो. "आता तुझ्या घोड्याच्या खुरांनी वास पुसला. पंचवीस हाउंडांची सकाळ तू एकट्याने वाया घालवलीस." मग वाद संपतो.

दुसऱ्या रकान्यात गमती येतात. सकाळी हंटच्या प्रमुखांना, म्हणजे मास्टरांना, "गुड मॉर्निंग, मास्टर" म्हणायचंच, आणि घरी जाताना भर दुपारी बारा वाजतासुद्धा "गुड नाइट, मास्टर". नंतरच्या खाण्याला दुपार टळली तरी ब्रेकफास्टच म्हणायचं. लाल कोट कोण घालू शकतं, कॉलरचा रंग कधी मिळतो, बटणं किती, याची तर मोठी शास्त्रार्थ-चर्चा आहे. ती मी थोडक्यात आटोपते. मुलं आमच्याकडे सबंध हंगाम ट्वीडच्या साध्या कोटात आली तरी चालतात. कोट एकाचा दुसऱ्याला होतो. आईबापांच्या खिशाला परवडणं हेही एक कारणच आहे, असं मी त्यांना सांगते. भर दुपारच्या 'गुड नाइट'ला कुणी कारण सांगू शकलेलं नाही, आणि ते रद्द करायलाही कुणी तयार नसतं. शोभेच्या गोष्टीही माणसांना हव्या असतात. फक्त ती शोभा आहे हे माहीत असावं.

रकाने बदलणाऱ्या रीतीही आहेत. पूर्वी मखमलीची टोपी असायची आणि कोल्हा दिसला की ती काढून, हात लांबवून दिशा दाखवायची. आता पोनी क्लबला प्रमाणित हेल्मेट सक्तीचं आहे, हनुवटीखाली पट्टा आवळलेलं. ते रानात काढलं तर मीच घरी पाठवीन. म्हणून आमची मुलं घोड्याचं तोंड कोल्हा गेला त्या दिशेला वळवतात आणि हात सरळ लांब करतात. म्हाताऱ्या मेंबरांना हे सुरुवातीला खटकलं. आता तेही तसंच करतात, कारण त्यांच्याही डोक्यावर तीच हेल्मेटं आली.

तिसऱ्या रकान्याकडे यायला मुलं थोडी बिचकतात. मी बिचकत नाही. इंग्लंडात पूर्वी एखाद्या मुलाच्या देखत पहिल्यांदा कोल्हा मारला गेला की त्याच्या गालांना त्या कोल्ह्याचं रक्त फासत आणि शेपूट किंवा पंजा बक्षीस देत. त्याला मोठा मान समजत. हे सांगितल्यावर खोलीत चुळबूळ होते. एकदा एका मुलाने विचारलं, "ते मूल नको म्हणालं तर?" जुन्या आठवणींमधून एवढंच दिसतं, मी म्हटलं, की दिवसभर तोंड धुवायचं नाही असाच कित्येक घरांत दंडक होता. त्याने उठून स्वतः खडू घेतला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं.

मग ओघाने कायद्याची गोष्ट निघते. स्कॉटलंडने २००२ साली हाउंडांकरवी कोल्हे मारण्यावर बंदी आणली. इंग्लंड आणि वेल्सचा कायदा २००४ चा, तो १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. तेव्हापासून तिथले हंट आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर धावतात, आणि त्या आडून जिवंत कोल्ह्याचाही पाठलाग होतो हा विरोधकांचा आरोप न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. आयर्लंडमध्ये अजून बंदी नाही. विरोधकांचं म्हणणं मी मुलांना त्यांच्याच बाजूने मांडून दाखवते: जिवाच्या भीतीने पळणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करून करमणूक करून घ्यायची का, मग शेवटी तो बिळात सुखरूप गेला तरी? हा प्रश्न पोकळ नाही. हे ऐकून एखादं मूल येत नाही म्हणतं. त्याला मी आग्रह करत नाही. बाकीची पायरी त्याने रिंगणात पुरी करावी. मी स्वतः का जाते? कारण मी ज्या कोल्ह्यांना पळताना पाहिलं आहे त्यांतल्या बहुतेकांना रानाचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता आणि आम्हाला नव्हता. हे उत्तर सगळ्यांना पटावं असा माझा हट्ट नाही.

आणखी एक गोष्ट याच तासाला सांगते, आणि ती सांगणारी मीच असावी असं मला वाटतं. जॉर्ज वॉशिंग्टन मोठे शौकीन. माउंट व्हर्ननला, त्यांच्या इस्टेटीवर, त्यांचे स्वतःचे हाउंड होते, १७८५ साली त्यांचे फ्रेंच मित्र लाफाएत यांनी फ्रान्सहून त्यांना आणखी पाठवले. पण त्या हाउंडांच्या पाठोपाठ भन्नाट घोडा फेकणारा हंट्समन होता विल्यम ली, वॉशिंग्टनचा गुलाम. परंपरा म्हणून आपण जे सांभाळतो ते कुणाच्या कसबावर उभं राहिलं, हे मुलांना कळलंच पाहिजे. आमच्या हंटच्या कपाटात 'बेलीज हंटिंग डिरेक्टरी'चे जुने खंड आहेत. पहिल्यांदा चाळताना मला त्यात 'पूना अँड किर्की हाउंड्स' असं नाव दिसलं. पुण्या-खडकीचे गोरे साहेब तिथे आपल्या रानातल्या कोल्ह्यामागे जायचे. मास्टरांची नावं छापलेली असतात. पहाटे उठून ते घोडे मळून, खोगीर चढवून देणाऱ्या मोतद्दारांची नसतात. ज्या खडकीत मी वाढले तिथे हे कुणाच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं. ते मला व्हर्जिनियात, एका कपाटात सापडलं. मुलं मला 'मिस वैजू' म्हणतात. ही दोन्ही उदाहरणं सांगितल्यानंतर त्यांच्यापैकी कुणी हंटवरून आल्यावर लगाम माझ्या हातात टाकून खायला पळत नाही. आपला घोडा आपणच पुसायचा.

सप्टेंबर आला की पहाटे निघायचं. हा हंगाम खास नव्या हाउंडांच्या शिक्षणाचा, त्यामुळे नव्या मुलांनाही तेव्हाच न्यायचं. आम्ही हिलटॉपर्समध्ये असतो, म्हणजे उड्या न मारता उंचावरून पाहत जाणाऱ्यांत. एका सकाळी गूस क्रीकवर धुकं होतं, गवत ओलं, हवा गार आणि जमीन तिच्यापेक्षा किंचित उबदार. अशा वेळी वास जमिनीलगत टिकतो. ऊन चढून माती सुकली की तो उडतो, मग जगातल्या कुठल्याही हाउंडाला काही करता येत नाही. हंट्समनने हाउंड मक्याच्या उभ्या शेतात घातले आणि आम्ही वरच्या कुरणात थांबलो.

थांबणं हेच मुख्य. पोनी माना खाली घालून गवत खाऊ बघतात, एका मुलाला शी लागलेली असते, एकीची रिकीब लांब झालेली असते. फोन बंद. बोलायचं नाही. दिसत काहीच नाही, फक्त मक्याचे शेंडे हलतात. मग खालून एक बारीक, शंकेखोर आवाज आला. कुणी हललं नाही. मागोमाग दुसरा, तरणा, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा. तरीही बाकीचे हाउंड तिकडे फिरकले नाहीत. त्या पोराला वाऱ्यावर ओरडायची खोड होती आणि ती सगळ्या कळपाला माहीत होती. थोड्या वेळाने जड, खर्जातला एकच आवाज झाला. "पेटल," माझ्या शेजारची नऊ वर्षांची पुटपुटली. पेटल बोलली तसे चारही बाजूंनी हाउंड तिच्याकडे धावले आणि क्षणात अख्खं शेत गाजायला लागलं. अंगावर काटा येतो तो आवाज ऐकून, मला अजून येतो.

कोल्हा आमच्या खालच्या अंगाला बाहेर पडला. घाईत मुळीच नव्हता. दोन उड्या, मग दुडकी, मग थांबून मागे वळून पाहणं. बारा वर्षांच्या एका मुलाने न ओरडता पोनी वळवला आणि हात लांब केला. ओरडलं तर हाउंड माना वर करतात आणि वास सोडून माणसांकडे बघायला लागतात, हे तो विसरला नव्हता. कोल्हा रवंथ करत बसलेल्या गाईंच्या मधून गेला, दगडी गडग्यावर चढला आणि गडग्यावरूनच चालत ओकच्या सावलीत दिसेनासा झाला. हाउंड आले ते आमच्याकडे लक्षही नसल्यासारखे, नाकं जमिनीला लावून, त्याच रेषेवरून. गाईंपाशी सगळं विस्कटलं. शांतता.

हंट्समन घोडा चालवत आमच्याकडे आला आणि माझ्याकडे न बघता त्याने सरळ त्या मुलाला विचारलं, "कुठे गेला?"

मुलाचा चेहरा लाल झाला होता. "गडग्यावर चढला, आणि गडग्यावरून त्या ओकपर्यंत. त्याच्या पुढचं मी पाहिलं नाही, सर."

"पुढचं पाहिलं नाही," हंट्समनने तेच शब्द परत म्हटले, मान हलवली, "थँक यू, सर," म्हणाला आणि हाउंडांना गडग्याच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. तिथे पेटलने वास पुन्हा जोडला. अंदाजाने 'रानात गेला' असं सांगितलं असतं तर हाउंड भलतीकडे गेले असते. आपल्याला ठाऊक आहे तेवढंच सांगायचं, हे बारा वर्षांच्या मुलाला शाळेत शिकवून येतं का, मला शंका आहे. कोल्हा पुढे मैलभर अंतरावर एका जुन्या बिळात शिरला.

असं प्रत्येक वेळी होत नाही. कित्येक सकाळी मुलं दोन-दोन तास थंडीत उभी राहतात आणि घरी जातात. हल्ली कोयोटी आले आहेत. ते कोल्ह्यासारखे गोल फिरत नाहीत, सरळ रेषेत पार दुसऱ्या गावात जातात, मग हाउंड रस्त्यांवर येऊ नयेत म्हणून व्हिपर-इनची त्रेधा उडते. अशा दिवशी मुलांना मी लवकर परत आणते.

सगळ्यांत कमी रोमांचक आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत गरजेचं काम हिवाळा सरताना येतं. ज्यांच्या जमिनींवरून आम्ही धावलो त्यांची कुंपणं दुरुस्त करायची, घोड्यांना उडी मारता यावी म्हणून तारेवर बसवलेले लाकडी कूप रंगवायचे, आणि प्रत्येक जमीनमालकाला मुलांनी हाताने आभाराचं पत्र लिहायचं. हंटच्या मालकीची जमीन जवळजवळ नसतेच. आम्ही धावतो ते लोकांच्या परवानगीवर, आणि एक उघडं राहिलेलं फाटक, एक बाहेर पडलेली गाय, एवढ्यावर ती परवानगी जाऊ शकते. त्यातून आमच्या लाउडन काउंटीच्या पूर्वेला अॅशबर्नला डेटा सेंटरांच्या इमारतींची रांगच्या रांग उभी राहिली आहे. मराठी मंडळातले निम्मे लोक तिथल्याच धंद्यात आहेत, माझा नवराही. वीजवाहिन्या आणि नव्या वसाहती पश्चिमेकडे सरकत आहेत. काही मालकांनी जमिनी कायमच्या मोकळ्या ठेवण्याचे करार केले आहेत, काहींनी विकल्या.

गेल्या मार्चमध्ये आमच्या गटातली एक मुलगी, मूळची सांगलीकडच्या घरची, पत्र लिहायला बसली आणि अडली. तिच्या वाट्याला आलेल्या जमीनमालक आजोबांनी मागचं कुरण विकायला काढल्याचं तिने घरी ऐकलं होतं, कारण तिच्या बाबांची कंपनी ते घेणाऱ्यांपैकी एक होती. "मिस वैजू, मी त्यांना काय लिहू?" मी म्हटलं, फाटक कुठलं, कूप कुठला, कोल्हा कुठे दिसला, जे आठवतं ते लिही. तिने पानभर लिहिलं, वर पोनीचं चित्र काढलं. आजोबांचं उत्तर आलं: जमिनीचा निर्णय त्यांची मुलं घेणार आहेत, पण पुढच्या सप्टेंबरात फाटक उघडंच असेल, आणि तिने लावताना कडी नीट बसवावी, ती अडकते.

कडी मी एप्रिलमध्ये जाऊन तेल घालून आले.